वीतभर सीट

आज अकरा जून, बुधवार. तुम्ही वही घेऊन त्या स्टुलावर बसा, मी काम करत करत बोलते, कारण ही टाकी आज पाण्यानं भरून ठेवायची आहे आणि उद्या कापायची आहे. पेट्रोलची टाकी कितीही जुनी असो, पाणी भरल्याशिवाय तिला गॅस लावायचा नाही. आमचे आण्णा म्हणायचे, पेट्रोल सांडून गेलं तरी त्याचा जीव आत राहतो. ज्यांनी हे ऐकलं नाही त्यांच्या भुवया मी पाहिल्यात, म्हणजे भुवयांच्या जागा पाहिल्यात.

आण्णा म्हणजे माझे वडील. आम्ही पुणतांब्याचे. बादल्या, स्टोव्ह, गळकी पिंपं, सगळ्याला कथील वितळवून डाख लावून द्यायचे ते, राहाता, श्रीरामपूर, कोपरगाव, ज्या वारी जिथं बाजार तिथं जायचं, आधी सायकलवर आणि मग मोटारसायकलवर. ही टाकी त्याच गाडीची. आण्णा पुढं, आई मागं, दोन्ही पाय एका अंगाला, मांडीवर कोळशाची शेगडी आणि पदराचं टोक दातात. आईला दागिना नव्हता, जमीन नव्हती, पण गाडीवरची मागची जागा तिची होती. तिथं मला कधी बसवलं नाही. मी मागनं एसटीनं यायचे, पत्र्याचे तुकडे पिशवीत घेऊन.

चौथीत असताना माझ्या हातात पत्रा कापायची कात्री आली. दिलीप माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान, त्याला आई शेगडीजवळ फिरकू द्यायची नाही, पोराचे हात भाजतील म्हणायची. माझे भाजले की म्हणायची, मीठ लाव. हे बघा, अजून दिसतात. तक्रार करत नाही, ह्याच हातांवर हे दुकान उभं आहे. लग्न होऊन नागापूरला आले, नवरा कंपनीत, घरापुढं पत्र्याचं शेड होतं, तिथं वेल्डिंग शिकले, आता टाक्या आणि रेडिएटर करते. शहरातल्या सावेडीची माणसं गाडी घेऊन येतात आणि विचारतात, मिस्त्री कुठंय? मी म्हणते, बोला.

आण्णा गेले, गाडी दिलीपला मिळाली, आईही त्याच्याकडंच राहिली. तिला शुगर. डोळ्याच्या पडद्याला सूज आली आणि दर महिन्याला श्रीरामपूरला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं ठरलं. खरं ते सांगते, दिलीपनं दीड वर्षात एकही महिना चुकवला नाही. आईला एसटी लागते, जीपमध्येही ओकते, पण ह्या गाडीवर मागं काठीसारखी ताठ बसायची.

मग ह्याच्या डोक्यात लडाख शिरलं. कसला तरी ग्रुप होता, सगळे चाळिशीतले, पोटं सुटलेले. दोन वर्षांमागच्या उन्हाळ्यात आला माझ्याकडं, मागं आईला बसवून, आणि पोत्यात दुसऱ्या मोठ्या गाडीची टाकी, भंगारातनं आणलेली. आक्का, ही बसव. जुनीत दहा लिटर मावायचं, हिच्यात सोळा. तिकडं पंप लांब लांब हायेत म्हणं.

काय सांगू तुम्हाला, दुसऱ्या गाडीची टाकी म्हणजे दुसऱ्याचा जोडा. खालची खाच अरुंद, ती ठोकून रुंद करायची, पुढचे पकडायचे कान तोडून मागं लावायचे, हँडल पूर्ण वळवलं की टाकीला आपटतं, ते आधीच थांबावं म्हणून तिथं लोखंडाची अडकण डागायची. हे सगळं होतं. पण टाकी लांब झाली की सीट आखूड करावी लागते, त्याला इलाज नाही. मी दिलीपला विचारलं, आणि आई कुठं बसंल? तो म्हणाला, दीड महिन्याचाच प्रश्न हाय, आलो की जुनी टाकी परत बसव, सीटला तुकडा जोड.

आई तिथं उलट्या डब्यावर बसली होती. मी म्हणाले, आई, दोन इंजेक्शनं चुकतील, तोवर माझ्याकडं राहा, मी सावेडीतल्या डॉक्टरकडं स्कूटीवर नेते. आई म्हणाली, पोरगा जित्ता असताना लेकीच्या दारात भाकरी खाऊ व्हय? लोक त्याच्या तोंडात शेण घालतील. मी म्हणाले, आणि डोळा गेला तर? तर म्हणाली, तू नको अभद्र बोलू, तो म्हनतो तसं कर. वर दिलीपला म्हणाली, नीट तपासून घे रं, हिच्या हातचं काम हाय, बापाचा हात न्हाई हिला.

टाक्या करता करता मला वीस वर्षं होऊन गेली होती. माझ्या हातची टाकी गळत परत आलेली नाही.

आता सांगते ते तसंच लिहा, गुळगुळीत करू नका. त्या टाकीला सीट चार बोटं कापली असती तरी भागलं असतं. खडूनं खूण मी चार बोटांवरच केली होती. आई बारीक बाई, उरलेल्या सीटवर मावली असती. बापाचा हात न्हाई, हे वाक्य ऐकलं, खूण पुसली आणि वीतभर मागं केली. सरळ रेघ ओढली आणि सरळ कापलं. दिलीप खूश, म्हणाला, एका माणसाची सीट, एकदम रेसच्या गाडीसारखी दिसतीय. मागं त्यानं सामान बांधायला लोखंडी जाळी लावून घेतली. आई त्या दिवशी एसटीनं पुणतांब्याला गेली, प्लॅस्टिकची पिशवी तोंडाशी धरून.

तो लडाखला जाऊन आला, फोटो पाठवले, माझी टाकी थेंबभर गळली नाही. जुनी टाकी मी फळीवर ठेवून दिली होती. कधी आणतोस गाडी, विचारलं तर पुढच्या महिन्यात, मग म्हणाला राजस्थानला जायचंय, मग फोनच उचलेना. आईची चार इंजेक्शनं गेली. श्रावणात एका पहाटे तिचा फोन आला, वीज गेलीय का गं तुमच्याकडं? मी म्हणाले, आहे. तर म्हणाली, मग हितंच अंधारलंय.

डॉक्टर म्हणाले, एका डोळ्याचा पडदा सुटला, दुसऱ्याला अंधूकच दिसतं, उशीर झाला. दुसरा डोळाही सहा महिन्यांत गेला. आणि मग दिलीपनं रिक्षा करून आईला माझ्या दारात आणून सोडलं, आक्का, तुझ्याकडंच बरं, तू घरीच असतीस. मी घरीच असते म्हणे. आईनं लेकीच्या दारची भाकरी पहिल्या दिवशी खाल्ली, तीही मीठ कमी हाय म्हणत.

तेव्हापासून रोज सकाळी भिंत चाचपत शेडमध्ये येते, फळीवरची ही टाकी हातानं शोधते, पदरानं पुसते आणि विचारते, दिलीप बसवील ना गं ही? मी म्हणते, बसवील. वीतभर सीटचं तिला कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही, तिला वाईट वाटेल म्हणून नव्हे, ऐकून ती काय बोलेल ते मला ऐकायचं नाही.

काल दुपारी दिलीपचा फोन. गाडी विकली, नवी घेतली. ती जुनी टाकी भंगारात घाल आक्का. म्हणून आज हे पाणी.

आज बारा जून. काल तुम्ही गेलात, आता आज सकाळचं सांगते आणि संपवते. सहा वाजता टाकी आडवी धरली, वरचा भाग कापून काढला, ठोकून काठ आत वळवला आणि कानशीनं घासला, थोडं पाणी घालून दाराशी ठेवली. बाहेर सात कोंबड्या आहेत, त्यांना पाणी प्यायला उथळ भांडं हवंच होतं. तेवढ्यात आई आली. फळीवर हात फिरवला, परत फिरवला. टाकी कुठंय? मी म्हणाले, दाराशी, कोंबड्यांसाठी कापली. ती खाली बसली, हात घातला, पाण्याखालचा तळ चाचपला. मग विचारलं, दिलीपनं सांगितलं कापायला?

मी म्हणाले, होय.

मग बरोबर असंल, म्हणाली. त्याला कळतं.

आणि तिचं बोट काठावरनं फिरत फिरत एका जागी थांबलं. हितं टोचतंय बघ. कोंबडीची मान चिरंल. तुझं काम आसंच.

मी बोट लावून पाहिलं. खरंच टोचत होतं. कानस आणली, तेवढी जागा घासली, तिच्या बोटाखाली परत दिली, ती हूं म्हणाली, आणि मग कोंबड्या सोडल्या.