अत्तराचा फाया

(कर्जतमधल्या एका दवाखान्याची तपासणीची खोली. दुपार. खाटेवर सोनुबाई, तिच्या उशाशी विमलबाई.)

डॉक्टर : आणि हे काय आहे, मावशी?

सोनुबाई : ते... कुलपाचं. फिरवायचं.

डॉक्टर : त्याला नाव काय?

सोनुबाई : नाव घरी ऱ्हायलं.

विमलबाई : किल्ली गं! किल्ली म्हन की!

सोनुबाई : तू मधी तोंड घालू नको, विमल. डॉक्टरीनबाय मला इचारते.

डॉक्टर : त्यांनाच बोलू द्या, विमलबाई. मावशी, डोकं कधीपासून दुखतंय?

सोनुबाई : बाईमानसाचं डोकं दुखतंच.

विमलबाई : तिला काय इचारता, मी सांगते. हिचा डावा कान वाहायचा, पार लहानपनापासनं. औंदा नवरात्रात कुनीतरी थेंब दिलं आन् थांबला की वो! आमाला कोन आनंद! पोशीरला देवीची ओटी भरली, नारळ फोडला. मंग हे डोकं सुरू झालं. मंग ताप, मंग उलट्या. दिसभर झोपून ऱ्हाते. काल मला म्हनते, कोंबडीला पानी घाल. बघते तर बोट तुळशीकडं.

सोनुबाई : तोंड चुकलं असंल.

डॉक्टर : तोंड चुकलं नाही, मावशी. कान बरा झालाच नव्हता. पुवाची बाहेरची वाट बुजली, तो आत सरकला. कानाच्या वर एक हाड असतं, पापडाएवढं पातळ. त्याच्या पलीकडे मेंदू. सकाळी तुमचा जो फोटो काढला, त्यात दिसतंय. मेंदूत पुवाची गाठ झालीय. लिंबाएवढी.

विमलबाई : मेंदूत? आयो गं!

डॉक्टर : काही जंतूंना हवा सोसत नाही. कोंदट, बंद जागा मिळाली की ते फोफावतात. घाण वास येतो तो त्यांचाच. मावशी, कानाला वास यायचा का?

सोनुबाई : नाय.

डॉक्टर : मग हा कापूस कसला?

सोनुबाई : फाया हाय, अत्तराचा. धवलारीन हाय मी. आमच्यात लग्नात आमी धवला गातो, नवरीच्या अंगाला अंग लावून उभ्या ऱ्हातो. तितं वास बरा यावा मानसाला.

डॉक्टर : काढते हं जरा.

सोनुबाई : हात नको लावू! विमल, तू भायेर जा.

विमलबाई : मी? का गं?

सोनुबाई : जा म्हन्ते ना.

डॉक्टर : बरं, फाया राहू दे. आधी माझं ऐका. तुम्हाला मुंबईला न्यायचंय, आजच. खालापूरहून गाडी निघालीय, तुमचा मुलगा नीलेश कंपनीतून परस्पर तिच्यातच बसलाय. तिथले सर्जन कवटीला लहानसं भोक पाडून पू काढतील. मग बरेच आठवडे शिरेतून औषध. कानाचं बघायचं ते नंतर.

सोनुबाई : परवा जाऊ.

डॉक्टर : मावशी...

सोनुबाई : आज दहिवलीला गजाच्या पोरीची हळद हाय, हर्षलाची. उद्या लगीन. गजाच्या लग्नात मीच गायले व्हते, त्याच्या बायकूला मीच रडवली. माज्याबिगर त्यांचा मांडव उभा ऱ्हानार नाय.

डॉक्टर : ती गाठ मांडवात फुटली, तर तुम्ही तिथंच पडाल. परत उठणार नाही. मी घाबरवत नाहीये.

सोनुबाई : आन् आज गेले, तर माजं शब्द माघारी येतील?

डॉक्टर : खोटं सांगत नाही. गाठ आहे तिथंच शब्दांची जागा आहे. दाब उतरला की पुष्कळसे येतील. सगळे येतील का, ते मलाही माहीत नाही. पण थांबलात तर जे आहेत तेही जातील.

सोनुबाई : मंग जाऊ दे माज्यासंगती.

विमलबाई : काय बोलतेस गं, सोने!

सोनुबाई : खरं ते बोलते. भोक पाडून घेऊ, आन् मंग भिताडावानी बसू? मांडवात बाया म्हनतील, ती बघा, आदी धवलारीन व्हती. सासूनं मला तोंडातनं तोंडात दिलं हे. मांडव सोडून म्हनायचं नाय, म्हनून कुनाला बसवून शिकवता बी येत नाय. शेजारी उभं ऱ्हाऊन ओळीमागं ओळ झेलायची.

विमलबाई : मंग मी काय केलं इतकी वर्सं? झेललंच की.

सोनुबाई : तू? पळसदरीला भर मांडवात माज्या तोंडातली ओळ ओढून घेतलीस तू!

विमलबाई : तू थांबली व्हतीस! करवलीचा शब्द तुला गावंना. नवरीची आय माज्याकडं बघाय लागली, बाया अपशकून अपशकून करीत कुजबुजाय लागल्या. मंग मी गळा काढला.

सोनुबाई : आन् काय गळा काढलास! म्हैस हंबारली जनू.

विमलबाई : हंबारली तर हंबारली. मांडव मुका पडू दिला नाय.

डॉक्टर : मी गाडी कुठवर आलीय बघते. तुम्ही दोघी बोला. पण मावशी, वेळ थोडा आहे.

विमलबाई : गेली बिचारी... सोने, काढ तो फाया.

सोनुबाई : नाय.

विमलबाई : तिनं इचारलं तवा वास येत नाय म्हनालीस.

सोनुबाई : मंग काय सांगू? नवरीला हळद लावनारीचा कान कुजलाय म्हनून? कोन उंबऱ्यात घेल?

विमलबाई : एक इचारू? तुला कुठल्या कानानं ऐकू येतं?

सोनुबाई : उजव्या. तुला ठावं हाय.

विमलबाई : आन् मी कुठल्या अंगाला उभी ऱ्हाते?

सोनुबाई : डाव्या.

विमलबाई : झेलनारीनं खरं तर उजव्या अंगाला उभं ऱ्हायला पायजे. तुला ऐकू येल असं. मी कवा उभी ऱ्हायले तितं?

सोनुबाई : ...तुला खोड हाय ती.

विमलबाई : खोड नाय गं. डाव्या अंगाला दुसरी बाई आली असती, तर तिनं नाकाला पदर लावला असता. नवरीच्या समोर. मी दुसरीला येऊच दिली नाय.

सोनुबाई : तुला यायचा वास?

विमलबाई : केवड्याच्या अत्तराखालनं यायचा. रोज.

सोनुबाई : कवा बोलली नायस.

विमलबाई : काय बोलायचं? तुला गायचं व्हतं. मला तुज्या शेजारी उभं ऱ्हायचं व्हतं.

सोनुबाई : आन् मी गावभर सांगत फिरले, विमलच्या गळ्यात जीव नाय म्हनून.

विमलबाई : भयऱ्या कानात गायले मी. कसा ऐकू येनार तुला जीव?

सोनुबाई : ...ये. उजवीकडनं ये. खाली बस.

विमलबाई : बसले.

सोनुबाई : हळदीचं सांग.

विमलबाई : हितं? मांडव कुठाय?

सोनुबाई : चाल नको लावू. नुसतं बोल. बोलल्यावर बी गळा कळतो.

विमलबाई : हळद दळिली अंगनात, अंगन झालं पिवळं गं. लेकी जाशील परघरा, त्यांचं दार कर पिवळं गं. नांदून थकशील दुपारची, तवा...

सोनुबाई : थांब. पुरे. मांडवाला राखून ठेव.

विमलबाई : बरा हाय का?

सोनुबाई : बरा? रांडे, माज्यापरीस गोड हाय. ...हे घे. टाकून दे तो फाया. लांब टाक.

विमलबाई : टाकला. डॉक्टरीनबाय! ओ डॉक्टरीनबाय, या!

डॉक्टर : गाडी आलीय. नीलेश स्ट्रेचर घेऊन येतोय. काय ठरलं, मावशी?

सोनुबाई : तुला कान बघायचा व्हता ना? बघ. वास येल, सांगून ठेवते.

डॉक्टर : येऊ दे. मान जरा अशी करा... हं. विमलबाई, तुम्हीही बसताय ना गाडीत?

विमलबाई : म्हंजे काय! हिला एकटी धाडू?

सोनुबाई : ती नाय येनार. ती दहिवलीला जानार हाय. मांडव मुका ऱ्हायला नाय पायजे.

विमलबाई : सोने, मला म्होरं कवा...

सोनुबाई : आज म्होरं तू. आपल्यातली हिरामनची बायकू झेलंल. पोरीला हळद लावताना घाई करू नको, आन् पैलीच ओळ उंच उचलू नको, नायतर शेवटाला दम पुरत नाय. माज्यासंगती नीलेस हाय.

विमलबाई : आन् लगीन उरकल्यावर?

सोनुबाई : तशीच माज्याकडं ये. मला सांग, नवरी कुठल्या ओळीला रडली.

विमलबाई : आन् मी सांगितलेली ओळ तुला उमगलीच नाय तर?

सोनुबाई : नवरी रडली, येवढं उमगंल.