दोन्ही बाह्या डाव्या

नाही, पण मी म्हणते, पोरीला 'चहा घेतेस का' विचारलं तर हो म्हणावं नाहीतर नाही, मध्ये थांबायचं कशाला? पण नाही! आमची चौदा वर्षांची ठमी कपाकडे बघत बसते. "थांब आई, मला खरंच हवाय, की तू विचारलंस म्हणून हवासा वाटतोय, ते बघतेय." अहो, परवापर्यंत ही पोर शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आत सगळं सांगून मोकळी व्हायची! आता विचारावं, कुठे हरवलीस? तर, "थांब, बघतेय." तुम्हाला सांगते, माझी पोर गेली आणि दुसरीच कुणी राहायला आली, असं वाटायचं... रडू यायचं हो.

त्यात काल! मी घरीच शिवणकाम करते. वकीलसाहेब संध्याकाळी कोट अंगावर घालून बघायला येणार. घाईघाईत बाह्या कापल्या, बघते तर काय... दोन्ही डाव्या! कापड उलटायचंच विसरले! वीस वर्षं कात्री हातात, आणि दोन्ही डाव्या! उरलेल्या तुकड्यात खिसासुद्धा निघेना.

मग काय, वड्याचं तेल वांग्यावर. "तुझ्याच काळजीत असते मी, तुझ्यामुळे झालं!" वाटलं, आता दार आपटेल. तर ही उभीच! "थांब आई, मला राग आलाय... नाही, रागाच्या खाली भीती आहे. तुझ्या रागाखाली काय आहे गं?" खाली काय आहे! खाली टेबल आहे, म्हटलं! पण मनात कळलंच. माझ्या रागाखाली वकीलसाहेबांची भीती होती ना!

ते आले. मी तयारच, 'साहेब, कापडच कमी आणलंत.' तोंड उघडलं आणि बाहेर काय पडावं? "थांबा साहेब, मी खोटं बोलायला निघालेय, ते बघतेय." घ्या! ते चष्म्यावरून बघतच राहिले. मग सांगून टाकलं, चूक माझी, कापड भरून देते. "बरं," म्हणाले. नुसतं बरं!

तशीच आत गेले. म्हटलं, बाळा, तुझ्यावर उगाच ओरडले, चुकलं माझं. आता गळ्यात पडेल म्हणून मी हात पुसून उभी. ती थांबली. बराच वेळ थांबली! "आई, मला आता काहीतरी मोठं वाटायला हवं ना? पण खरं सांगू? नुसती भूक लागलीय."

भूक! अहो, जीव भांड्यात पडला, पोर माझीच निघाली! फक्त काय खातेस, एवढं मात्र विचारलं नाही. होतं ते मुकाट्याने वाढलं. विचारलं असतं, तर उपाशी झोपली असती!