वायरीच्या टोकाचं कुंकू

गोजराबाई : “गोजरे, दुसरं कडवं तू धर.” दर शनिवारी मारुतीच्या देवळात हेच म्हनायचं आमचं मालक. मी लाजून गप. शेवटी ते दवाखान्यात आसताना कबूल केलं, एकदा तरी म्हनंन. आज त्यांना जाऊन वरीस झालं, आन् चालच आठवंना.

शेखर : म्हणून तर काकांच्या देवळातल्या भजनाची कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवली ना, मावशी. हेडफोनच्या भोकातून ऐकलं की घरघर येते. त्यापेक्षा कॉम्प्युटरमधला आवाज आकड्यांतच बाहेर काढायचा, वायरीनं या डब्यात न्यायचा. आकड्यांचं गाणं हा डबा करतो.

गोजराबाई : सकाळी केलं की. आता मुकं का बसलंय?

शेखर : तेच कळेना. कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण ठेवलाय, कमी-जास्त डब्यावर. कॅसेट आकड्यांच्या ज्या मापात उतरवली तेच माप कॉम्प्युटर आणि डबा दोन्हीकडं. मध्येच कॉम्प्युटरचं टुंग वाजायला नको म्हणून बाकी सगळे आवाज बंद.

गोजराबाई : शनिवारचा उपास धरला आसंल त्यानं.

शेखर : तो तुमचा. वायर काढून बघतो... मावशी, हे लाल काय चिकटलंय?

गोजराबाई : कुंकू. तू अंघोळीला गेलास तवा पूजा केली. नवी वस्तू घरात आली ना. डब्यातून वायर निसटली व्हती, तिच्या टोकाला बारका दिवा दिसला. म्हनलं, देव हितंच हाय; कुंकू लावून परत डब्यात खोचली.

शेखर : बरोबर ओळखलंत. या वायरीतून आवाज उजेड होऊन जातो, काका त्या उजेडातूनच येतात. तुम्ही त्यांचं तोंडच बंद केलंत.

गोजराबाई : जल्मात पहिल्यांदा. दे हिकडं, नमस्कार करून पुसते.

शेखर : पदर नको, हे कोरडं फडकं घ्या. हां. आता लावतो.

(कॅसेटची बारीक खरखर. टाळ. मग एक भरदार आवाज.)

गोजराबाई : आगं बया. हितंच बसल्यात जनू.

शेखर : श्वाससुद्धा ऐकू येतोय.

गोजराबाई : धापा हायेत त्या. देवळाच्या पायऱ्या लई... थांब. मागं घे. दुसऱ्या कडव्याला त्यांच्या मागं बाईमानूस कोन गुनगुनतंय?

शेखर : नीट ऐका. ओळखीचा वाटत नाही?

गोजराबाई : मी तर गप बसायचे.

शेखर : कॅसेट काय खोटं बोलेल?

गोजराबाई : ...व्हय की. म्हंजे त्यांना ऐकू येत व्हतं. म्हनून मागं लागायचं.

शेखर : परत लावू? चाल पक्की होईल.

गोजराबाई : नगं. खुंटीवरचे टाळ तेवढे दे. आमटी चुलीवर हाय, तू जेवून घे. देवळातल्या भजनाला दुसऱ्या कडव्याच्या आत पोचायला पायजे मला.