पहिली ओंजळ आसरांची

ऐका. त्या दिवशी वारा साफ पडला होता. वैशाखाचा महिना, आभाळ चुलीतल्या राखेच्या रंगाचं, अन् दिवस कलला तरी भुईतून वाफ निघत होती. अशा दिवशी आवाज लांबून येतो, हे ध्यानात ठेवा.

तर आपल्या वसाहतीतला झिबल ढोके दिवेलागणीला घरातून निघाला. हातात कळशी, खांद्यावर दोर. निघाला होता जुन्या गावाला, आपल्या वावरातल्या विहिरीवर.

ते गाव खाणीनं कधीच उठवलं. खाण लहानशी, कोळशाची. पण खड्डा कोरडा ठेवायचा तर भुईतलं पाणी उपसावं लागतं, पंप रात्रंदिवस चालायचा. झिबलची विहीर एका उन्हाळ्यात हातभर खाली गेली, दुसऱ्यात पुरुषभर. तिसऱ्यात तळ दिसला. त्याच वर्षी त्याची बायको कौतिका तापानं गेली. जाताना तिनं विहिरीचं पाणी मागितलं. तोंडात घातलं टँकरचं. तिनं ते गिळलं नाही, बाबांनो. ओठांवरून ओघळून गेलं.

पुढं खाण बंद पडली, पंप थांबला. गुराखी सांगू लागले, जुन्या विहिरींना पाणी चढतंय. झिबल निघाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी कौतिकाची तिथी होती. झिबलच्या मनानं घेतलं, यंदा तिच्या पानाशी तेच पाणी ठेवायचं. दिवसा खाणीचा पहारेकरी सोडत नाही, म्हणून अंधार धरला. शेजारच्या सोमा मडावीनं विचारलं, कुठं निघालात? पाण्याला, म्हणाला. सोमा म्हणाला, नळ दाराशी आहे, त्याला दोर कशाला लागतो? झिबल नुसता हसला.

वाट खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगांमधून जाते. थोडं गेला, तर धुळीत ओली पावलं. बाईमाणसाची, लहान. त्याला वाटलं, गेली असेल कोणी गवळण. पुढं खडक लागला. इतका तापलेला खडक, त्यावरही पावलं ओलीच.

मग आवाज आला. गडगडीचा, विहिरीवरच्या दोराच्या चाकाचा. त्याच्या विहिरीची गडगडी दर तिसऱ्या फेऱ्याला टिटवीसारखी ओरडायची. तेल घाला, तेल घाला, असं कौतिका जन्मभर म्हणत राहिली, अन् हा म्हणायचा, उद्या.

झिबल पळत सुटला. ढीग ओलांडला, अन् ऐका, समोर विहीर. तोच काठ, तीच बाभूळ, काठावर साती आसरांचे, पाण्याच्या देवींचे, शेंदरी दगड. अन् पदर खोचून उभी कौतिका, भरली बादली घेऊन.

"लय उशीर केला," ती म्हणाली. "गडगडीले तेल घातलं नाई ना अजून?"

"उद्या घालतो," झिबल म्हणाला.

"प्या ना. थंडगार हाये."

त्यानं ओंजळ भरली. ओठांपाशी आली. पण चाळीस वर्षांची हाताची सवय. त्या विहिरीवर कोणीही आलं, तरी पहिली ओंजळ आसरांची. हात आपोआप वळला, पाणी दगडावर पडलं. पडताच गंजल्या लोखंडाचा वास आला, अन् भेगाळलेले तळहात झोंबू लागले. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, इथं एकही बेडूक ओरडत नाही. खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्यात बेडूक राहत नाही.

"कौतिके, हे आपल्या विहिरीचं पाणी नाई."

"मले ठाव हाये," ती हळूच म्हणाली. "पण आपण दोघं तर हाओत ना इथं."

खरं सांगतो, झिबलचा एक पाय पुढं गेला. पायाखालची माती सुटली. तो मागं बसला म्हणून वाचला. कळशी गेली. ती पाण्यात पडल्याचा आवाज यायला किती वेळ लागला, काय सांगू. विहीर कधीचीच खड्ड्यात ढासळली होती. पुढं नुसतं उभ्या कड्याखालचं काळं, खोल पाणी.

तो परत फिरला. वसाहतीपर्यंत मागून एकच आवाज येत होता, "उद्या नक्की घालाल ना?" त्यानं मागं वळून पाहिलं नाही. पाहावंसं मात्र दर पावलाला वाटलं.

ती वाट आजही आहे. तिकडं जाऊ नका, कितीही ओळखीचा आवाज येवो.

उजाडल्यावर सोमानं त्याचे सोललेले हात पाहिले. झिबलनं सगळं सांगितलं, पुढं टाकलेल्या पायासकट. सोमा हसला नाही. घागर आणली, त्याच्या हातांवर बराच वेळ पाणी घालत राहिला. मग म्हणाला,

"त्या वाटेनं पुन्हा जाऊ नका, दादा. तहान लागली, तर मधल्या भिंतीवर थाप मारा. मी जागाच असतो."