ताई वळते तेवढ्यात

...आणि फोन करून वर मलाच विचारते, "सर, तुम्हाला गाढ झोप लागते का?" अहो, लागली होती की! तुम्हाला सांगतो, या क्षणापर्यंत लागली होती, तूच मोडलीस की गं बाई! तर म्हणते कशी, "मग आमची गादी खास तुमच्यासाठीच आहे सर, दोन मिनिटं आहेत का?" आता झोपलेल्या माणसाला उठवून गादी विकायची, याला काय म्हणावं? आग लावायची आणि पाण्याची बादली विकायला उभं राहायचं!

तुम्ही म्हणाल, दुपारी दुकानात झोपता कशाला? झोपतो. माझं किल्ल्यांचं दुकान आहे, जिन्याखाली, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतात एवढं. किल्ल्या बनवतो, अडकलेली कुलपं उघडतो. आणि तीस वर्षांचा अनुभव सांगतो, दुपारी दोन ते चार कोणाची किल्ली हरवत नाही. माणसं किल्ल्या हरवतात सकाळी निघताना आणि संध्याकाळी परतताना. मधल्या वेळात मी बाकड्यावर आडवा होतो. वर पंखा फिरतो, भिंतीवरच्या शेकडो कोऱ्या किल्ल्या त्या वाऱ्यानं हळूच हलतात, किण किण... किण किण... इतकी गोड झोप येते म्हणता! राजाला येत नसेल.

आणि मग ते घर येतं.

पाण्याकाठचं घर आहे. या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून पुढच्या, आणि एकाही दाराला कुलूप नाही. जन्मभर दुसऱ्यांची कुलपं उघडणाऱ्याला दुसरं काय स्वप्न पडणार! दाराजवळ नुसतं गेलं की दार आपलं आपण उघडतं, आवाजसुद्धा करत नाही, बिजागरीला तेल कोणी घातलंय देव जाणे. चालता चालता शेवटच्या दाराबाहेर पायऱ्या लागतात, खाली पाणी, आणि पायरीवर ताई बसलेली असते. पाठमोरी. केस धुऊन मोकळे सोडलेले, पाय पाण्यात.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला हिनंच वाढवलं. ताईला जाऊन तीन वर्षं झाली. गेली त्या दिवशी सकाळी तिचा फोन आला होता, "छोट्या, तुला एक सांगायचंय रे." समोर गिऱ्हाईक उभं, किल्ली कानशीवर धरलेली. मी म्हटलं, "ताई, संध्याकाळी करतो." संध्याकाळी फोन आला तो भाच्याचा.

काय सांगायचं होतं तिला? काही फार मोठं नसेल हो. ताईचं मोठं कधी काही नसायचंच. पण तीन वर्षं ते माझ्या डोक्यात अडकून बसलंय, आणि माझ्या धंद्यात असं आहे की अडकलेलं उघडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तर स्वप्नात मी हाक मारतो, "ताई!" ती हळूच हलते. आधी खांदा वळतो. मग कान दिसतो, कानातली ती कुडी. मग गालाची कड... आणि तेवढ्यात बाकड्याखाली थर्रर्रर्र! "नमस्कार सर, दोन मिनिटं आहेत का?"

उचलावा लागतो, काय करता!

"बंद करून झोपा की," आमची ही म्हणते. बंद कसा करू? माझा नंबर मीच गावभर चिकटवलाय. खोटं नाही सांगत, या गावात एक दार सोडलं नाही मी. चौकटीवर, जिन्यात, लिफ्टच्या आत: 'कुलूप अडकलं? एक फोन करा!' लोक नखानं खरवडून काढायचे, मी दुसऱ्या दिवशी दुसरा चिकटवायचो. त्यामुळे मला येणारा प्रत्येक फोन अनोळखी नंबरचा. गेल्या वर्षी वैतागून एक कापला, तर एक निवृत्त मास्तरीणबाई निघाल्या, न्हाणीघरात अडकलेल्या, फोन तेवढा हातात. पुन्हा लावायचं त्यांच्या मानी स्वभावात बसेना. अडीच तासांनी शेजारणीनं मला नेलं. दार उघडलं तेव्हा बाई स्टुलावर ताठ बसलेल्या. एवढंच म्हणाल्या, "या." त्या एका 'या'नं मी जो शरमलो! तेव्हापासून नियम. दाराआड कोणी असेल तर? उचलावा लागतो!

आणि दाराआड असतं कोण? गादीवाली. मग तो विम्यावाला, त्याचा आवाज असा की मयताला आल्यासारखा: "सर... देव न करो... पण उद्या तुम्हाला काही झालं तर..." मग ती यंत्रातली बाई, जिला माझं काही ऐकूच येत नाही: "अभिनंदन! आपली निवड झाली आहे!" कशासाठी गं? "अभिनंदन!" आणि परवा तर कहर झाला. एक पोरगा म्हणतो, "सर, बोटानं उघडणारं कुलूप घ्या, किल्लीची कटकटच कायमची संपली!" मला! मला सांगतो! अरे, त्याच कटकटीवर माझी चूल पेटते!

फोन नसला तरी सुटका नाही. मी हिला फक्त बोललो हो, तोंडानं बोललो, की "ताई वळतच नाही गं," तर संध्याकाळपासून मोबाइलवर मानेचे पट्टे दिसायला लागले! मान वळत नाही? त्रास होतो? ऐकतंय कोण? कुठून?

आणि मग ते आत शिरले. त्या घरात, म्हणजे स्वप्नात. कुलपं नव्हतीच ना तिथं, अडवणार कशानं? पहिल्या खोलीत एक माणूस पडदे पसरून बसलेला. दुसरीत यंत्रातली बाई, हात जोडून, "अभिनंदन!" पाण्यावर पांढरीशुभ्र होडी तरंगत येते, किती सुंदर म्हणून बघतो, तर शिडावर 'फक्त आजच!' मी आपला प्रत्येकाला हात झटकत, "नकोय, नकोय, नकोय" करत धावतो पायऱ्यांकडे, ताईचा खांदा वळतो, कान, कुडी... थर्रर्रर्र! सहा महिने, तुम्हाला सांगतो. सहा महिन्यांत मी त्या गालाच्या कडेपुढं गेलेलो नाही. उचलावा लागतो!

शेवटी हिनंच मार्ग काढला. पंधरा दिवसांपूर्वी दुपारी डबा घेऊन आली, माझं तोंड बघितलं, फोन घेतला आणि म्हणाली, "अहो, मी बसते बाहेर पायरीवर. खरंच कोणी अडकलं असेल तर उठवते. बाकीच्यांना मी बघून घेते. तुम्ही जा ताईंकडे." बाहेरून तिचा आवाज येत होता, "गादी? अगोबाई, तुम्हीच सांगा, तुम्ही स्वतः कशावर झोपता?" पाच मिनिटांत ती गादीवालीच आपल्या पाठदुखीचं रडगाणं गाऊ लागली. मग तेही ऐकू येईनासं झालं. पंखा... किण किण... किण किण...

घर आलं. रिकामं. पडदेवाला नाही, बाई नाही, होडी नाही. नुसता पाण्याचा उजेड छतावर हलत होता. दारं उघडत गेली, मी चालत गेलो. पायऱ्या. ताई. म्हटलं, "ताई." खांदा वळला. कान. कुडी. गाल... आणि पुढंसुद्धा! अख्खा चेहरा! डोळ्याखालचा तीळसुद्धा जागच्या जागी! मी विसरलो होतो हो तो तीळ, तीन वर्षांत पार विसरलो होतो. हसली. पाण्यातून पाय काढले, माझ्यासाठी पायरीवर जागा केली, आणि म्हणाली, "छोट्या, तुला एक सांगायचंय..."

आणि मी म्हटलं, "नकोय! पुन्हा फोन करू नका!"

तोंडातून निघून गेलं हो! सहा महिन्यांची सवय! ताई बघतच राहिली माझ्याकडे. रागावली नाही. "बरं," म्हणाली, केस मागे सारले, आणि पाण्याच्या कडेकडेनं चालत गेली. हाका मारता मारता जागा झालो, तर ही माझा खांदा धरून, "काय झालं? काय म्हणाल्या?" काय सांगू तिला?

आता घर रोज येतं. पायरी रिकामी असते. येईल, ताई मनात धरून ठेवणारी नव्हे. पण आली आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच गेलं तर? म्हणून मी ती सवयच मोडायची ठरवलीय. हल्ली फोन वाजला की कोणीही असो, मऊ आवाजात म्हणतो, "हो, बोल ना, मला वेळच वेळ आहे." जमायला लागलंय. गादी सोमवारी येतेय.