उलट्या पिळाची तार

जबाब देणार: गॅरेजमध्ये 'गॅसताई' म्हणून ओळखली जाणारी, वय ३९ वर्षे, धंदा वाहनांचे एसी दुरुस्त करणे, राहणार गॅरेजमागच्या दोन खोल्या.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी आई आणि थोरल्या भावासह राहते. गॅरेज आमच्या सख्ख्या मामांचे आहे. दादा आणि मी तिथे अठरा वर्षे काम करतो.

नऊ तारखेला सकाळी अकराच्या सुमारास एक पांढरी व्हॅन आली. एसी दहा मिनिटे चालून बंद पडतो, अशी तक्रार होती. मी तपासले तर पुढचा पंखाच फिरत नव्हता. पंखा नसला की पाइपातल्या गॅसचा दाब चढत जातो. पाइपावर अंगठ्याएवढा सेन्सर असतो. दाब हद्दीबाहेर गेला की तो कॉम्प्रेसर थांबवतो. सेन्सर बिचारा आपले काम करत होता. तसे मी मामांना सांगितले.

मामा म्हणाले, "तुझं शहाणपण पुरे. गिऱ्हाईक खोळंबलंय." त्यांनी सेन्सरचे कनेक्टर काढले आणि दोन टोकांत स्वतः तार पिळून बसवली. आता कॉम्प्रेसरला अडवणारे कोणी उरले नाही. मला त्यांनी सुटे भाग आणायला पिटाळले. दादा समोरच्या गाडीखाली होता. जाताना मी त्याला तारेचे सांगायला हवे होते. सांगितले नाही.

मी परत आले तेव्हा दादा डोळा धरून जमिनीवर बसला होता. आवाज कसला येतो ते बघायला तो बॉनेटमध्ये वाकला आणि पाइप फुटला. डावा डोळा गेला. त्या गडबडीत मी तार काढून आईच्या बटणांच्या डबीत ठेवली.

मामांनी इथे लिहून दिले की तार दादाने लावली. दवाखान्यात येऊन ते त्याला म्हणाले, "होतं असं, धीर धर." आईने मला हात जोडले, म्हणाली, "माझा एकुलता एक भाऊ आहे गं." माझाही एकच आहे, असे मी म्हणाले. अकरा दिवस मी मूग गिळून बसले.

आज मामांनीच मला त्यांच्या गाडीतून इथे आणले. वाटेत म्हणाले, "दादाची चूक झाली, एवढंच म्हण. घरातलं घरात राहील." मी बरं म्हटले. गाडीत एसी झकास होता, कारण त्यांच्या गाडीलाही तशीच तार आहे. मामा डावखुरे आहेत. त्यांचा पीळ उलटा पडतो आणि टोकाला ते हिरवी टेप गुंडाळतात. दादा उजव्या हाताचा आहे.

डबी आणली आहे. पर्स गाडीत राहिली असे सांगून मामांकडून गाडीची चावी मागून घेतली, ती साहेबांच्या टेबलावर ठेवली आहे. पंचांसमोर बॉनेट उघडावे आणि दोन्ही तारा शेजारी ठेवून बघाव्यात.

जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. मोठ्याने वाचायला मीच सांगितले. मामा बाहेर बाकावरच बसले आहेत.