टाळाला न दचकणारी लेक

"ताई, रेवा टाळाला दचकत नाही. एकदा डॉक्टरांना दाखवा."

हे मला कोण म्हणालं? आमचे पखवाजवाले दामूअण्णा! आणि मी काय म्हणाले? "अण्णा, कीर्तनकाराच्या पोटची आहे ती! सवय झालीय!" झालं! विषय संपला!

तर मायबाप, आजचा सवाल हाच — चांगलं बोलतो तो वक्ता, की समोरच्याकडे नीट बघतो तो?

मी कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली जिंकलेली बाई. हात कुठे ठेवायचा, नजर कशी फिरवायची, कुठे थांबायचं — सगळं पाठ! मागच्या रांगेत जांभई आली की इथून ओळखते, आख्यान लांबलं! (काकू, तुम्हालाच म्हणतेय!) आणि सात महिन्यांची माझी रेवा? पेटीशेजारी दुपट्यावर! टाळ, पखवाज, दोनशे माणसांचा गजर — पोरगी गाढ झोपेत! बायका म्हणायच्या, "काय गुणी गं बाळ!" मी फुगायची!

अण्णा सोडेनात. एका दुपारी आरती झाली, रेवा जागी होती. म्हणाले, "हसवा तिला."

मी भुवया उडवल्या, मान डोलावली — खुदकन हसली!

"बघा! ऐकते की!"

"तोंड बघून हसली, ताई. आता पदराआड व्हा, आणि हाक मारा. रागावलात तरी चालेल."

रागावलेच होते! तरी पदर ओढला. "रेवा! रेवू! अगं सोने!" एकदा, दोनदा, ओरडून! पदर बाजूला केला — पोरगी आपली पताका बघतेय! माझ्याकडे मान वळलेली नाही!

सांगा मंडळी, सात महिने ती काय ऐकत होती? माझा चेहरा! माझे हात! सभेतला सगळ्यात मन लावून बसलेला श्रोता माझ्या पायाशी, आणि मी शेवटच्या रांगेतल्या जांभया मोजतेय!

तपासणी झाली. रेवाला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." कानाला यंत्र लावलं, माझी हाक पोचली, आणि तिनं जे भोकाड पसरलं! मीही पसरलं!

अण्णा गप्प बसले असते तर?

म्हणून सांगते. तुमच्या आळीत सहा-सात महिन्यांचं बाळ असेल ना — तिथे जा. त्याला दिसणार नाही असं मागे उभं राहून हाक मारा. वळलं नाही, तर "गुणी आहे" म्हणून परत येऊ नका. त्याच्या आईला सांगा. चिडेल ती, तोंड फिरवेल. चिडू दे! आठ दिवसांनी परत जा, आणि विचारा — "दाखवलंस का गं?"